टर्बो गाडीत ऑक्सिजन सेन्सर नेमका कुठे बसवायचा?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी नाशिकमध्ये टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) म्हटलं की डिझेल गाडीच डोळ्यांपुढे यायची. आता कॉलेज रोडच्या सिग्नलला उभ्या असलेल्या छोट्या पेट्रोल गाड्यांच्या डिकीवरही तो शब्द दिसतो. त्यातच पंपावर ई-२० पेट्रोल आलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. मग मायलेज, ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा आणि ‘ओ-टू सेन्सर’, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, हे विषय चहाच्या टपरीवर आले. मी सातपूर एमआयडीसीत मोजमापाच्या खात्यात नोकरी केली. गेज, मायक्रोमीटर, थर्मोकपल यांच्याशी रोजचा संबंध. त्यामुळे या चर्चेत मला एक गोष्ट खटकते. सेन्सर कोणता घ्यायचा, केवढ्याला मिळतो, हे सगळे विचारतात. तो एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या, पाइपात कुठे बसवायचा हे कुणी विचारत नाही. खरं तर अर्धं मोजमाप त्या जागेवरच ठरतं.

सिडकोत राहणाऱ्या माझ्या भाच्याचंही तसंच झालं. त्याने जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली, तिच्या इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदलून घेतलं, आणि इंजिनात जाणारं मिश्रण बरोबर आहे का ते दिसावं म्हणून एक सेन्सर आणि डॅशबोर्डवर छोटा मीटर लावला. दीड महिन्यात मीटर बंद. दुसरा सेन्सर आणला, तो महिनाभरही टिकला नाही. एका रविवारी तो दोन्ही सेन्सर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून माझ्याकडे आला. “मामा, मला दोन्ही वेळा डुप्लिकेट माल दिला.”

मी ते सेन्सर खिडकीच्या उजेडात धरून बघितले. टोकाला भोकं असलेली पोलादी टोपी असते, तिच्यावर निळी-जांभळी झाक आली होती. ग्राइंडरवर धातू जाळला की येते तशी. टोपीच्या आत सिरॅमिकची पट्टी असते, आगकाडीपेक्षा थोडी रुंद. एका सेन्सरमध्ये ती आडवी तडकलेली होती. दुसऱ्यात तिचा टोकाकडचा तुकडाच नव्हता. माल डुप्लिकेट नव्हता. गॅरेजवाल्याने दोन्ही वेळा सेन्सर टर्बोच्या आधी, थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा जळालेला वायू गोळा करणाऱ्या नळ्यांत, बसवला होता. आणि तो हरवलेला तुकडा कुठे गेला असेल, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

असं का झालं ते कळायला थोडं मुळापासून सुरू करावं लागेल.

धुरावरून चूल ओळखायची

माझी आजी चुलीसमोर बसून नुसत्या धुरावरून सांगायची, लाकूड जास्त झालं की वारा कमी पडला. काळा, डोळ्यांत जाणारा धूर म्हणजे हवा कमी. इंजिनाचंही तेच. पेट्रोल पूर्ण जळायला ठरावीक हवा लागते: वजनाने १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला जवळपास नऊ हजार लिटर हवा लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या भरून हवा, एका लिटरला!

हवा आणि इंधन अगदी बरोबर जुळलं की त्या अवस्थेला ‘लॅम्डा १’ म्हणतात. लॅम्डा १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, गॅरेजच्या भाषेत ‘रिच’. १ पेक्षा जास्त म्हणजे हवा जास्त, ‘लीन’. हा शब्द तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना पीयूसीच्या तपासणीत इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून लॅम्डा बघतात, आणि तो १ च्या पुढेमागे ०.०३ इतकाच चालतो.

ई-२० बद्दल इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्यावरून फार गोंधळ होतो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते, किलोमागे साधारण ९ किलो. ई-२० ला मग १४.७ ऐवजी सुमारे १३.५ किलो हवा पुरते. पण सेन्सरला हे आकडे कळत नाहीत. त्याला फक्त लॅम्डा कळतो. ई-२० वर मिश्रण अचूक असेल तेव्हाही डॅशबोर्डवरचा मीटर १४.७ च दाखवतो, कारण त्याच्या पट्टीवर शुद्ध पेट्रोलचे आकडे छापलेले असतात. म्हणून ज्यांच्याकडे असा मीटर आहे त्यांनी तो लॅम्डा दाखवण्यावर करून ठेवावा. सगळा गोंधळ तिथेच मिटतो.

सेन्सर काय हुंगतो

ऑक्सिजन सेन्सरला लॅम्डा सेन्सर असंही म्हणतात. बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये बाजारात आणला आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांमध्ये तो पहिल्यांदा बसला. त्याचा जीव झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकमध्ये असतो. हे सिरॅमिक थंड असताना मठ्ठ दगड. तीन-साडेतीनशे अंशांच्या वर तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सरकायला लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, आणि दुसऱ्या बाजूला जळालेला वायू, ज्यात तो जवळपास संपलेला. या फरकातून बारीकसा विद्युतदाब तयार होतो: मिश्रण रिच असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१.

जुन्या पद्धतीचा सेन्सर एवढंच सांगतो: रिच की लीन. किती, ते त्याला सांगता येत नाही. टर्बो इंजिनाला मात्र ‘किती’ कळावंच लागतं, कारण पूर्ण जोर लावताना ते मुद्दाम रिच चालवलं जातं, लॅम्डा ०.८ ते ०.९ च्या आसपास, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने आतली उष्णता आवरते. म्हणून टर्बोला ‘वाइडबँड’ सेन्सर लावतात. त्याच्या पट्टीत एक बारीक पोकळी असते. एक्झॉस्टचा वायू एका सूक्ष्म फटीतून झिरपत तिच्यात येतो, आणि सेन्सर विजेच्या जोरावर त्यातला ऑक्सिजन बाहेर काढून किंवा आत घालून तिथला समतोल सांभाळतो. त्यासाठी किती वीज लागली, यावरून लॅम्डा कळतो. सेन्सरच्या आत स्वतःचा हीटरही असतो, जो सिरॅमिकला ७८० अंशांच्या आसपास स्थिर ठेवतो.

झिरपण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

टर्बो म्हणजे पाइपातलं धरण

गंगापूर धरणाच्या भिंतीपाशी उभं राहिलं की दोन वेगळी पाणी दिसतात. वरच्या बाजूला साठलेलं, दाबाचं. खालच्या बाजूला मोकळं होऊन नदीत वाहणारं. पाणी तेच, पण अवस्था वेगळी.

टर्बो एक्झॉस्टच्या वाटेत असंच धरण बांधतो. इंजिनातून सुटलेला गरम वायू टर्बाइनच्या छोट्या चाकावर आदळतो, ते चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हे काम फुकट होत नाही. वायू आपला दाब आणि उष्णता खर्चून ते करतो. टर्बाइनच्या आधी दाब जास्त असतो, बऱ्याचदा इंजिनात भरल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाहूनही जास्त. पेट्रोल इंजिनात पूर्ण जोरावर तिथलं तापमान ९०० अंशांच्याही वर जातं. टर्बाइन ओलांडल्यावर दाब एकदम खाली येतो आणि तापमान शंभर-दीडशे अंशांनी उतरतं.

आता प्रश्न असा की या धरणाच्या कुठल्या अंगाला सेन्सर लावायचा.

टर्बोच्या आधी लावला तर

सगळ्यात मोठा धोका असा आहे की सेन्सर तिथे चुकीचं सांगतो, आणि नेमकं घातक दिशेने चुकीचं सांगतो. मघाशी म्हटलं तसा वायू सेन्सरच्या फटीतून झिरपत आत येतो. दाब वाढला की तेवढ्याच वेळात जास्त रेणू आत घुसतात, आणि समतोल सांभाळायला सेन्सरला जास्त वीज लावावी लागते. मीटर बिचारा त्याचा अर्थ असा लावतो की मिश्रणच जास्त रिच आहे. लॅम्डा बरोबर १ असेल तेव्हा ही चूक जवळजवळ दिसत नाही. जसजसं मिश्रण रिच होतं तसतशी ती वाढते. म्हणजे टर्बो जोरात असताना, जेव्हा आकडा अचूक असण्याची खरी गरज, तेव्हाच तो फसवतो.

याचा परिणाम बघा. प्रोग्रॅमिंग करणारा मुलगा स्क्रीनवर बघतो, मिश्रण फारच रिच दिसतंय. तो पेट्रोल कमी करतो. स्क्रीनवरचा आकडा छान होतो आणि इंजिनात प्रत्यक्षात पेट्रोल कमी पडतं. कसारा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये दाबून पाय दिला की आत ठोके पडायला लागतात, तापमान चढतं, आणि पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. मोजमापाच्या धंद्यात आम्ही म्हणायचो, बंद पडलेलं गेज परवडतं, खोटं बोलणारं परवडत नाही.

मग उष्णता. बॉशचा एलएसयू ४.९ हा बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा वाइडबँड सेन्सर. त्याला नेहमीच्या वापरात ९३० अंशांपर्यंतचा वायू चालतो. पाना लागतो तो षटकोनी भाग ६०० अंशांच्या आत राहावा लागतो, आणि वायर जिथून बाहेर येतात तो रबरी भाग २५० च्या आत. मॅनिफोल्डवर बसवलेल्या सेन्सरला या तिन्ही मर्यादा कधी ओलांडल्या जातील याचा नेम नाही. कारण तिथे आतून वायूची आणि बाहेरून लालबुंद झालेल्या ओतीव लोखंडाची, अशी दुहेरी भाजणी होते. भाच्याच्या सेन्सरवरची ती निळी झाक त्याचीच खूण होती.

तिसरी गोष्ट त्या हरवलेल्या तुकड्याची. मॅनिफोल्डमध्ये सिरॅमिक तुटलं तर त्याला पुढे जायला एकच वाट, टर्बाइनच्या चाकातून. लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांवर सिरॅमिकचा कण आदळला की पात्याची कड उडते, चाकाचा तोल जातो, आणि टर्बो गेला. आम्ही भाच्याचा टर्बो उतरवून बघितला. दोन पात्यांच्या कडांना बारीक खाचा दिसल्या, नखाला लागतील एवढ्या. नशीब थोर म्हणून एवढ्यावर निभावलं.

आणि मॅनिफोल्डमध्ये चार सिलिंडरचे वायू अजून नीट मिसळलेलेही नसतात. चौथ्या सिलिंडरच्या नळीजवळ सेन्सर लावला तर तो बहुतेक चौथ्याचीच खबर देतो. टर्बाइनचं चाक सगळे वायू घुसळून एकजीव करतं, ताकाच्या रवीसारखं. हा टर्बोनंतरच्या जागेचा मोठा फायदा आहे आणि लोक तो विसरतात.

मग टर्बोनंतर किती अंतरावर?

बाजारातल्या वाइडबँड किटसोबत येणाऱ्या पुस्तिकांत टर्बो गाडीसाठी साधारण दीड ते तीन फूट अंतर सांगितलेलं असतं, टर्बाइनच्या तोंडापासून पुढे. मला स्वतःला अडीच फुटांच्या आसपासची जागा पसंत आहे. तिथे पोचेपर्यंत वायू थोडा निवतो आणि वेस्टगेटमधून वळसा घालून आलेला वायूही मुख्य प्रवाहात मिसळून जातो. वेस्टगेट म्हणजे धरणाचा सांडवा: दाब जास्त झाला की काही वायू टर्बाइनला बगल देऊन थेट पुढे सोडणारी झडप. टर्बोच्या अगदी तोंडाशी सेन्सर असेल तर या झडपेतून सुटणारा जास्त गरम झोत थेट त्याच्या अंगावर येतो.

फार मागेही जायचं नाही. सायलेन्सरच्या टोकाशी इंजिन मंद चालू असताना बाहेरची हवा ठोक्याठोक्याला आत ओढली जाते, आणि सेन्सर विनाकारण लीन दाखवतो. शिवाय तिथे वायू इतका थंड असतो की हीटरला सिरॅमिक तापवून ठेवायला फार झगडावं लागतं.

कॅटच्या आधी, नेहमी

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: मधमाशीच्या पोळ्यासारखा जाळीदार डबा, ज्यात मौल्यवान धातूंचा लेप असतो आणि ज्यात विषारी वायूंचं रूपांतर होतं. शहराच्या नाल्यांतून काय वाहून येतं हे बघायचं असेल तर तपोवनच्या मलनिस्सारण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासून चालेल का? ते पाणी केंद्र कसं चाललंय ते सांगेल, शहराबद्दल फारसं सांगणार नाही. कॅटच्या मागे लावलेला सेन्सरही तसाच. कॅट ऑक्सिजन वापरतो, थोडा साठवतो, नंतर सोडतो. त्यातून येणारा आकडा उशिरा येतो आणि गुळगुळीत होऊन येतो.

तुमच्या गाडीत कंपनीनेच दोन सेन्सर दिलेले असतात ते याच कारणाने. पहिला कॅटच्या आधी, इंजिनाला सांगण्यासाठी. दुसरा कॅटच्या नंतर, कॅटवर पहारा ठेवण्यासाठी. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला की दुकानदार कधी कधी नुसतं ‘ओ-टू सेन्सर गेला’ म्हणतो. कोणता गेला, हे विचारा. दोघांची कामं वेगळी, किमती वेगळ्या.

पाइपाच्या कोणत्या अंगाला?

एक लिटर पेट्रोल जळालं की अंदाजे एक लिटरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लोकांना हे सांगितलं की पटत नाही. पण निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि थेंब पडताना दिसतात, ते हेच पाणी. गाडी थंड असताना ते पाइपाच्या तळाशी साचतं. सातशेच्या वर तापलेल्या सिरॅमिकवर त्याचा एक थेंब उडाला की तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा. तव्याला काही होत नाही, सिरॅमिक तडकतं.

म्हणून पाइपाचा आडवा छेद म्हणजे घड्याळाची तबकडी समजा आणि सेन्सर १० ते २ च्या मध्ये बसवा. आडवा बसवावाच लागला तरी त्याचं शेपूट आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर हवं, म्हणजे आत गेलेलं पाणी टोकाकडून ओघळून जाईल. तळाला कधीच नाही. तळाचा सेन्सर पाण्यातही मरतो आणि स्पीडब्रेकरवर घासूनही मरतो.

गाडी सुरू केल्या केल्या हीटर पूर्ण तापवणंही याच कारणाने चुकीचं. चांगले कंट्रोलर थोडं थांबून, हळूहळू तापवतात. उलटीही एक चूक असते: सेन्सर पाइपात बसवलाय पण त्याला वीजच दिलेली नाही. बिनहीटरच्या सेन्सरवर काजळी आणि तेल साचतं आणि तो काही दिवसांत निकामी होतो. मीटर काढून ठेवायचा असेल तर सेन्सरही काढा आणि भोकाला बूच लावा.

गळती: नासर्डीचं पाणी

गोदावरीच्या पाण्याचा नमुना नासर्डी या उपनदीच्या संगमाच्या वर घेतला आणि खाली घेतला तर दोन वेगळे निकाल येतील. सेन्सरच्या आधी कुठेही गॅस्केट फाटलेलं असेल, वेल्डला भेग असेल, क्लॅम्प सैल असेल, तर तिथून बाहेरची हवा आत मिसळते. वायू बाहेर पडतो तर हवा आत कशी येईल, असं वाटतं. पण एक्झॉस्टचा प्रवाह धक्क्याधक्क्याने चालतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ निर्माण होते. तेवढी हवा पुरते. सेन्सर ऑक्सिजन बघतो आणि सांगतो, लीन. इंजिनाचा संगणक बिचारा पेट्रोल वाढवतो. मायलेज पडतं, कॅट तापतो, आणि मालक ई-२० ला दोष देतो. ई-२० ने मायलेज थोडं कमी होतंच, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. पण एकदम मोठी घट झाली असेल तर पहिल्यांदा गळती तपासा.

एखादा प्लग चुकत असेल तरी असंच होतं. न जळालेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये येतो आणि सेन्सर लीन म्हणतो, जरी पेट्रोल भरपूर असलं तरी. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो.

गॅस्केटवर साधा सिलिकॉन सीलंट फासण्याची आपल्याकडे फार सवय आहे. सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर काचेसारखा थर बनवते आणि त्याचा श्वास कोंडतो. सेन्सरला चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच सीलंट वापरा. शिसंही असंच विष होतं, पण आपल्या देशात २००० सालापासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, त्यामुळे ती काळजी मिटली. टर्बोच्या सीलमधून तेल गळत असेल तर मात्र ते थेट पुढच्या सेन्सरवर जातं. निळा धूर दिसत असेल तर आधी टर्बो नीट करा, सेन्सरवर पैसे नंतर खर्च करा.

“पण लांब लावला तर आकडा उशिरा येणार ना?”

भाच्यानेही हेच विचारलं. आम्ही वहीत हिशेब मांडला. १.२ लिटरचं इंजिन, ३००० फेऱ्या, टर्बो १ बार दाब देतोय, एक्झॉस्टचा पाइप सव्वादोन इंची. गरम होऊन फुगलेला वायू या पाइपातून साधारण ८०-९० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो. अडीच फूट अंतर कापायला त्याला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. सेन्सरला स्वतःलाच बदल ओळखायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. गाडी जागेवर मंद चालू असताना मात्र वायू रेंगाळत येतो, तेव्हा उशीर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकतो. पण तेव्हा इंजिनावर भारही नसतो आणि धोकाही नसतो. जोर असतो तेव्हा वेग आपोआप असतोच.

“कंपनी तर टर्बोला चिकटूनच लावते!”

लावते, पण टर्बोच्या नंतरच, कॅटच्या आधी. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, गाडी सुरू होताच कॅट तापावा म्हणून तो टर्बोच्या तोंडाशीच बसवलेला असतो. दोघांच्या मध्ये वीतभर जागा, आणि पहिला सेन्सर त्या वितीतच. कंपनी तिथे लावू शकते कारण तिने त्या जागेचं तापमान प्रत्यक्ष मोजलेलं असतं, उष्णतेपासून बचावाचा पत्रा दिलेला असतो, आणि तापमान वाढलं तर इंजिनाचा संगणक ते आवरतो. बाहेरून सेन्सर लावणाऱ्याकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे असतं फक्त अंतर. म्हणून तो अंतर राखतो.

अशा नव्या गाडीत अडीच फुटांचा हट्ट धरला तर सेन्सर कॅटच्या मागे जाईल. तिथे माझं स्पष्ट मत आहे: वेगळा सेन्सर लावूच नका. तुमच्या गाडीचा पहिला सेन्सर बहुधा वाइडबँडच आहे. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या जागी, साधा स्कॅनर लावला की त्याचा लॅम्डा मोबाइलवर दिसतो. नवं भोक नाही, वेल्डिंग नाही, वॉरंटीचा वाद नाही. जागा करण्यासाठी कॅटच काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्या गॅरेजमधून बाहेर या. ते कायद्यात बसत नाही, आणि ती हवा आपल्याच शहरातली मुलं श्वासात घेतात.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी: डिझेल इंजिन जवळपास नेहमीच लीन चालतं, त्यामुळे तिथला सेन्सर मुख्यतः एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात फिरवण्याच्या आणि प्रदूषण आवरण्याच्या कामाला असतो. वर लिहिलेले दाबाचे, पाण्याचे आणि गळतीचे नियम त्यालाही लागू आहेत.

भाच्याच्या गाडीत शेवटी काय केलं

त्याची गाडी जुनी, कॅट टर्बोपासून जवळपास साडेतीन फूट पुढे, तळाशी. म्हणून जागा होती. अंबडमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून खाली येणारा नळ, उतरवून घेतला. टर्बोच्या तोंडापासून ३० इंचांवर, वळण संपून पाइप सरळ होतो तिथे, घड्याळातल्या दोनच्या जागी खडूने खूण केली. १८ मिलिमीटर आट्यांचा जाड नट तिथे वेल्ड केला. वेल्डिंगच्या वेळी आटे वाकडे होऊ नयेत म्हणून आत जुना तुटका सेन्सर फिरवून ठेवला होता. तेवढं शेवटचं काम त्या सेन्सरने केलं. नवा सेन्सर मात्र पाइप पूर्ण गार झाल्यावरच बसवला, आट्यांना किंचित ग्रीस, टोकाला बोटही न लावता, ४० ते ६० न्यूटन-मीटरच्या मध्ये टॉर्क पान्याने आवळून. वायर टर्बोपासून लांब, गिअरबॉक्सच्या बाजूने बांधून नेली.

मग इंजिनाचं प्रोग्रॅमिंग पुन्हा करावं लागलं, कारण आधीचं सगळं खोट्या आकड्यांवर बेतलेलं होतं. त्र्यंबक रोडला पहाटे रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा पूर्ण पाय दिला तेव्हा मीटरवर ०.९४ दिसलं. जुना सेन्सर त्याच ठिकाणी ०.८४ दाखवत होता. भाचा काही बोलला नाही, त्याने लगेच पाय काढला. पेट्रोल वाढवून आकडा ०.८५ वर आणायला दोन संध्याकाळी लागल्या.

मॅनिफोल्डमधलं जुनं भोक बूच घालून बंद केलं आहे. दर महिन्याला गाडी सकाळी थंड असताना सुरू करून त्या बुचाभोवती साबणाचं पाणी लावायला सांगितलंय. बुडबुडा दिसला तर बूच पुन्हा आवळायचं. मागच्या रविवारी त्याने फोन करून सांगितलं, “मामा, कोरडं आहे.”